पाटलोणीला केलेला सलाम

आमच्या कुरुंद्याकडच्या गावांत त्या काळी पाटलोण म्हणजे सरकार. शेतकरी धोतरात, मुसलमान शेजारी पायजम्यात आणि पाटलोणीत फक्त निजामाचा अंमलदार. तो वाटेत दिसला की माणसं कडेला व्हायची, वहाणा काढायची आणि मान खाली घालून सलाम करायची. पाटलोणीच्या वर तोंड कुणाचं आहे हे बघायची कुणाची छाती नव्हती.

मला वसमतच्या कचेरीत कारकुनी लागली, तेव्हा तिथल्याच एका म्हाताऱ्या शिंप्याकडून मी खाकी पाटलोण शिवून घेतली. माप घेता घेता तो हसला, "अब नीचे नक्को बैठो, साब, फट जाएगी." पुढच्या शुक्रवारी कचेरीला सुट्टी होती. पाटलोण चढवून मी पायीच गावाकडे निघालो. अंगात वारं शिरलं होतं.

गावाजवळ समोरून बा येताना दिसला, डोक्यावर कडब्याची पेंढी. चालीवरून मी त्याला लांबूनच ओळखलं. त्यानं पाटलोण पाहिली, पेंढी खाली टाकली, वहाणा काढल्या आणि वाटेकडेच्या काट्याकुट्यात उतरून वाकला. "सलाम, सरकार."

मी लगेच हाक मारायला हवी होती. नाही मारली. दोन-चार पावलं तसाच चाललो, ताठ मानेनं. खरं सांगतो, तो सलाम मला गोड लागला. जन्मदात्याचा सलाम! इतका मी माजलो होतो.

मग त्यानं मान वर केली. "आरं, तू व्हय!" म्हणत पोट धरून हसला. त्याच्या पायात काटा मोडला होता, तो मी बसून काढला.

पुढं हा किस्सा त्यानं गावभर रंगवून सांगितला. "माज्याच पोराला सलाम केला म्या!" लोक हसायचे, बा सगळ्यांत जास्त. शेवटी न चुकता म्हणायचा, "त्यानं बी मला वळखलं न्हाई. ऊन व्हतं ना त्याच्या डोळ्यावर."

ऊन माझ्या पाठीवर होतं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच थंडीत बा अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या एका सोयऱ्याला त्यानं धापा टाकत तोच किस्सा सांगितला. शेवटाला येऊन थांबला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ऊन व्हतं, व्हय ना रं?"

"व्हय, बा," मी म्हणालो. "लई ऊन व्हतं."

त्यानं डोळे मिटले. त्याला खरं ठाऊक होतं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि आठवड्याभरात विचारायला बा उरला नाही.