बिब्ब्याचे डाग

चौथीत शाळा सुटली आणि पुढं आमचं गाव जानेफळ सोडून मी खामगावला तेलाच्या गिरणीत लागलो. तेव्हाच्या रस्त्यांनी घर लांबच होतं. वर्षातून पोळ्याला तेवढं जायचं. जेवण गिरणीमागं एका म्हातारीच्या खानावळीत. तिला सगळे मावशी म्हणत. मी हाडकुळा, म्हणून माझ्या भाजीवर ती पळीभर तेल जास्तच ओतायची.

मग जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठायला लागली. पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत जायची. मावशीनं पोटशूळ ठरवला, बिब्बा तापवला आणि त्याच्या तेलाचे चटके पोटावर ओळीनं दिले.

"दात दाबून धर. आमच्या घरचे सारे याच्यानंच बरे झाले."

कळ थांबली, पण फार दिवस नाही. डोळे पिवळे दिसायला लागले तसं मुकादमानं दवाखान्यात धाडलं.

मोठे डॉक्टर हिंदी मुलखातून बदलून आलेले. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पिशवी काढावी लागेल, म्हणाले. सदरा वर केल्यावर मात्र थांबले. चटके चिघळले होते.

"ये किसने किया?"

मी सदरा खाली ओढला. सुरी नेमकी तिथंच चालवायची होती आणि कातडी भरल्याशिवाय ती चालवता येत नव्हती. तोवर पुन्हा कळ येऊन ताप चढला तर जिवाला धोका. दवाखान्यातच पडून राहायचं, तेल-तूप बंद.

"घर से कौन है साथ में?"

"कोणी नाही, साहेब."

घरी कळवलं नव्हतं. आई पायीच निघाली असती.

संध्याकाळी आवारातल्या लिंबाखाली सगळ्या रोग्यांच्या घरच्यांच्या चुली पेटायच्या. फोडणीचा वास आला की मी भिंतीकडं तोंड करायचो. दिवसभर पट्टी उचलून कातडी बघत राहायचो. इथं मेलो तर आईला ते पोळ्यालाच कळेल, हेच डोक्यात.

अशाच एका संध्याकाळी मावशी डबा घेऊन आली. ज्वारीच्या कण्या, नुसतं मीठ. तिनं माझं पोट पाहिलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"माह्यामुळंच अडून राह्यलं, म्हंते तो कंपाउंडर."

"तसं नाही, मावशी."

"गप बैस. खाय. बिनतेलाचं खाऊन मानूस जगते कसा, मले त समजत नाही बाप्पा."

मग ती रोज येत राहिली. गिऱ्हाइकांची ताटं उरकून, घामेजलेली.

कातडी भरली. ऑपरेशन झालं. क्लोरोफॉर्मच्या गुंगीतून पहिला ऐकू आला तो दारातला तिचा आवाज. आत सोडत नव्हते.

"कोन म्हंजे? त्याची खानावळवाली. हो बाजूले."

उशाशी बाटलीत खडे ठेवले होते, तुरीच्या दाण्यांएवढे. डॉक्टरांपुढं मी हात जोडले.

पोळ्याला घरी गेलो. आईनं अंघोळीला पाणी काढलं आणि माझं पोट पाहून तांब्या खाली ठेवला. मी ऑपरेशनचं सगळं सांगितलं. एवढा लांब व्रण, पण तिचं बोट फिरत होतं ते बाजूच्या काळ्या डागांवरून.

"हे कोनं देल्ले?"

"खानावळीतल्या मावशीनं."

पाणी निवत चाललं होतं.

"म्हंजे तिथं तुले कोनीतरी होतं," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं.