लेथवर घातलेली गादी

गल्लीत सगळे त्याला टर्नरमामा म्हणत. पंपाचा शाफ्ट झिजला, पंख्याचा बुश गेला, की गॅरेजवाले आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे त्याच्याच दारात. खोली एकच. पुढे लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, मागे शेगडी आणि मोरी, रात्री लेथच्या पायाशी अंथरूण. मामी म्हणायची, सवतीशेजारी संसार केला मी, आणि सवतही अशी, की माझ्याआधी तिला तेल लागतं.

गल्ली पाडून टॉवर उभा राहणार असं ठरलं आणि अफवांना ऊत आला. राहणाऱ्यांना घर मिळणार, धंदेवाल्यांच्या तोंडाला पानं पुसणार, ही त्यातली मामीने घट्ट धरलेली. तेलकट फरशी पुसण्यात तिचा जन्म गेला होता. वेगळं स्वयंपाकघर, एवढंच तिचं मागणं. कोण राहतं, कोण धंदा करतं याची नोंद घ्यायला मोजणीवाले येणार त्या सकाळी तिने लेथवर फळ्या टाकल्या, त्यावर गादी, वर नवी चादर. एका टोकाला मशीनचं डोकं वर आलं, तिथे उशा रचल्या. मामा म्हणाला, या पलंगावर चढायला शिडी लागेल. तिने त्याला धुतलेला शर्ट घालायला लावला.

मोजणीवाल्या मुलीने विचारलं, इथे काही धंदा चालतो का? मामाने मामीकडे पाहिलं.

"छे," तो म्हणाला. "राहतो फक्त."

पुढे सभा झाली. पालिकेच्या साहेबांनी समजावलं, की इथल्या जमिनीचा भाव चढणार आहे, त्यातला वाटा बिल्डरकडून घेऊन रस्ता होईल, बाग होईल, शिवाय जुन्या धंदेवाल्यांना तळमजल्यावर कमी भाड्याचे गाळे. टाळ्या पडल्या. गाळे कोणाला, असं कुणीतरी विचारलं. मोजणीत ज्यांचा धंदा नोंदलाय त्यांना, साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या, तेव्हा मामाचे हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. तिथला तरुण अधिकारी वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, एकच खोली घर म्हणून धरायची आणि दुकान म्हणूनही, असं होत नाही."

"ती दोन्ही होती, साहेब."

"मग तेव्हा सांगायचं ना."

गादीची कल्पना कोणाची होती हे मामाने सांगितलं नाही.

बाजारभावाने गाळा घ्यावा, तर जो भाव चढला म्हणून टाळ्या पडल्या होत्या, त्याच भावाने गाळे विकायला होते. शहराबाहेर त्याने एक शेड पाहिली. पण गॅरेजवाले, मोटारवाले वाट फुटेल तिकडे पांगले होते. शाफ्ट घेऊन तिथवर येणार कोण? जुनं मशीन चालू स्थितीत घ्यायलाही कोणी तयार होईना. शेवटी भंगारवाल्याने जागेवरच घण घालून त्याचे तुकडे केले. ओतीव लोखंड वाकत नाही, एकदम फुटतं. मामा तिथे उभा होता. मामीने जाऊ नका म्हटलं होतं.

नवं घर नवव्या मजल्यावर. पांढरी फरशी, ओटा, वेगळं स्वयंपाकघर. मामा सकाळी उठून भिंतीशी बसतो तो संध्याकाळीच हलतो. मामीही ओट्याशी कामापुरतीच उभी राहते.

एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली. "एकदाच्या शिव्या घाला मला. गादी मीच घातली होती."

"खोटं मी बोललो."

"मी बोलायला लावलं."

मामाने भिंतीवरची पाठ काढली. मग म्हणाला, "खरं बोललो असतो, तर खाली गाळा मिळाला असता, आणि तू राहायला जागा शोधत फिरली असतीस. तेव्हा तू मला शिव्या घातल्या असत्यास."

 मामी उठून आत गेली, पानं वाढली. दोघांनी एकमेकांकडे न बघता दोन-दोन घास खाल्ले, आणि उरलेलं तिने तसंच झाकून ठेवलं.