शेवट घरी येऊन वाच

पुण्याची गाडी लागली तेव्हा आप्पांनी पिशवीतून कादंबरी काढून माझ्या हातात दिली. घेतल्याबरोबर कळलं, हलकी आहे. शेवटचा भाग त्यांनी ठेवून घेतला होता. म्हणाले, "शेवट दिवाळीले घरी येऊन वाच." आई डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना ते पुन्हा पुन्हा बघत होती. मला आप्पांचा इतका राग आला की त्या भरात बुऱ्हाणपूर सुटताना रडायचं राहूनच गेलं.

तुमच्यापैकी जे आमच्या ओट्यावर कधी बसले नाहीत, त्यांना हे सांगायला हवं. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातलं, आमच्याकडे नवी मराठी कादंबरी सहज मिळत नसे. कोणी जळगावला गेलं तर एक प्रत यायची आणि वाचणारे आम्ही तिघं: शाळेत शिकवणारे आप्पा, मी आणि त्यांचे जवळच्या दापोऱ्याचे मित्र दिनकरकाका. काकांची केळीची बाग होती, पण जीव पुस्तकात. एकाचं पूर्ण होईपर्यंत थांबणं कोणालाच जमायचं नाही. म्हणून आप्पा ब्लेडनं पुस्तकाचे तीन भाग करत, प्रत्येकाला दोरा घालत, आणि भाग एकामागून एक हातोहात फिरत. सगळ्यांचं झालं की दाभण घेऊन पॉवरलूमच्या पक्क्या सुतानं पुन्हा एकत्र शिवत.

मग ओट्यावर वाद. आप्पांना सगळं उलगडून सांगणारी कादंबरी आवडायची, मला न सांगणारी. आजच्या लेखकांवर माझा फार जीव आहे. ते माणसावर चांगला-वाईट असा शिक्का मारत नाहीत. एका कारकुनाच्या कंटाळवाण्या दुपारवर चाळीस पानं लिहितात आणि माझ्याच्यानं त्यातलं एक पान गाळवत नाही. काका विचारायचे, यांची माणसं दिवसभर खिडकीतून बघतात, तर बागेला पाणी कोण देतं? फक्त 'छान आहे' म्हणायला बंदी होती. "छान त जेवण असते पोरी," आप्पा म्हणत, "कादंबरीचं बोल."

पुण्यात ऑफिसमध्ये माझ्या मराठीतल्या हिंदीवर हसायचे. प्रेमानंच, पण मी बोलणं कमी केलं. रविवारी एका वाचनालयात वाचकांचा गट जमायचा, तिथे जाऊ लागले. तिथल्या केतकीताईंनी एकदा आपणहून मला नवी कादंबरी वाचायला दिली. बदली होऊन परक्या गावी आलेल्या एका नर्सची गोष्ट. सबंध पुस्तकात लेखिकेनं 'एकटी' हा शब्द एकदाही वापरला नव्हता, आणि मी बसमध्ये उभ्यानं वाचताना माझा स्टॉप गेला. हे कधी एकदा आप्पांना सांगते असं झालं. दुसऱ्या दिवशी ब्लेड आणून तीन भाग केले, दोरा घातला आणि पहिला भाग पोस्टानं बुऱ्हाणपूरला पाठवला. यात काही चुकतंय हे माझ्या मनातही आलं नाही.

रविवारी केतकीताईंनी पुस्तक मागितलं. मी दोन भाग त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, पहिला आप्पांकडे गेलाय, येईलच. त्यांनी ते दोन तुकडे उलटेपालटे करून पाहिले. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तक होतं ते."

मी नवी प्रत आणून दिली. त्यांनी हसून घेतली. मला येऊ नको असं कोणी म्हणालं नाही, पण त्यानंतर मला पुस्तकही कोणी दिलं नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ते दोन भाग बरोबर नेले आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तिन्ही भाग जुळवून ते शिवत बसले, आणि शिवता शिवता म्हणाले, "तिले शेवट पटला का, हे विचारलं का तू?" मी विचारलंच नव्हतं. परत गेल्यावर गटात मुद्दाम केतकीताईंच्या शेजारी बसून विचारलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी पोटभर रडले. स्टेशनवरचंही तेव्हाच रडून घेतलं.

आता पुण्यात मला कोणी हसत नाही. माझं मराठी इथल्यासारखं झालंय, स्वतःचं घर आहे, आणि हवं ते पुस्तक दोन दिवसांत दारात येतं. कपाटात ती नवीकोरी, अखंड उभी असतात, आणि त्यांच्याकडे बघून मला बरं वाटत नाही. अखंड म्हणजे माझ्याशिवाय कोणी न वाचलेलं. आप्पा जाऊन चार वर्षं झाली, त्याआधी आई गेली. बुऱ्हाणपूरच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं.

तरी एखादी कादंबरी फारच आवडली की मी दोन भाग वाचून थांबते. शेवट न वाचता सगळी दापोऱ्याला दिनकरकाकांकडे पाठवून देते. ते वाचतात आणि फोन करतात. "पाच झाल्या पोरी," परवा म्हणाले. "मी काही सांगत नाही. येशील तवा बोलू."

त्या पाच कादंबऱ्यांत पुढे काय झालं, मला माहीत नाही. घर कुठे आहे म्हणून कोणी विचारलं तर मी अजून बुऱ्हाणपूरच सांगते. तिथून जवळच एक म्हातारा माणूस पाच शेवट वाचून माझ्यासाठी गप्प बसला आहे.