दादाच्या नावाचं खोकं

आमची बिल्डिंग पाडणार हे आम्ही दोन वर्षं नुसतं ऐकत होतो. विरारच्या पश्चिमेला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अशा चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या आणि आता त्या सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झाल्यात. शेवटी बिल्डरने तारीख दिली आणि मी जवळच वटारला एका वाडीतलं बैठं घर भाड्याने ठरवलं. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. नवी बिल्डिंग होईपर्यंत आई आणि मी तिथे राहायचं. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले, दादा सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

काय न्यायचं ते आईने ठरवून टाकलं होतं. देव जाणार, शिलाई मशीन जाणार, बाबांचं लोखंडी कपाट जाणार. माझी पुस्तकं निम्मी. पलंगाखाली माझ्या आणि दादाच्या व्हिडिओ गेमच्या सीडी चार छोट्या खोक्यांत भरून पडल्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ह्या सगळ्याला मिळून एक खोकं. आणि त्याचं काही काढायच्या आधी त्याला विचार."

मी कामणला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल आमच्याकडे येतो आणि तो पुन्हा विकायचा, तपासायला ठेवायचा की भंगारात काढायचा हे माझ्या टेबलावर ठरतं. हिरवं स्टिकर, पिवळं स्टिकर, लाल स्टिकर. मिक्सर असो की बाळाची गादी, मी मिनिटभरात निकाल लावते आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाही. तेव्हा साठ-सत्तर गेम निवडायला मला एक रविवार पुरेल, असं मी समजत होते. स्टिकरचे तीन रोल पर्समध्ये टाकून घरी आले. हिरवा ठेवायचा, पिवळा खेळून बघायचा, लाल द्यायचा. इतकं सोपं.

रविवारी सकाळी दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे शनिवारची रात्र होती, तो सोफ्यावर आडवा पडून काहीतरी चघळत होता. मी एकेक सीडी कॅमेऱ्यासमोर धरायला सुरुवात केली.

"हा क्रिकेटचा. यातले निम्मे खेळाडू रिटायर होऊन आता कॉमेंट्री करतात. काढू?"

"अगं, नको. त्यातली ती टेस्ट मॅच आपण काय खेळलेलो. ठेव."

"हा रेसिंगचा. सीडीवर बुरशी आलीय."

"पुसून बघ ना. मऊ कपड्याने. ठेव."

"हा तू उघडलेलाच नाहीस. प्लास्टिकसुद्धा तसंच आहे."

"म्हणून तर. तो खेळायचा राहिलाय. ठेव, आल्यावर खेळू."

आल्यावर खेळू. चाळीसेक सीडी दाखवून झाल्या आणि एकालाही लाल स्टिकर लागलं नाही. गोडाऊनमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुपारपर्यंत पॅकिंगला पाठवला असता. इथे मात्र मी हातात रोल घेऊन बसले होते आणि तो हजारो मैलांवरून माझ्या पलंगाखालची जागा वाटत होता. त्याला म्हटलं, तू येऊन राहा त्या एका खोलीत आणि मग सांग ठेव म्हणून. तो हसला. त्याला सगळ्यावर हसता येतं, कारण घासणं, पुसणं, उचलणं माझ्याकडे असतं.

मग मी माझी पद्धत बदलली. म्हटलं, खेळूनच बघू, जे चालत नाही त्याला आपोआप लाल स्टिकर. पुढचे चार दिवस कामावरून आल्यावर तेच केलं. भांड्यांच्या गोण्यांमध्ये टीव्ही आणि गेमचं मशीन जमिनीवर ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले. पहिल्या गेमला अपडेट हवं होतं, ते नेटवरून उतरायला संध्याकाळ गेली आणि शेवटच्या टप्प्यावर लाइट गेले. दुसऱ्याची, म्हणजे क्रिकेटची, सीडी मशीनमध्ये गेल्यावर कबूतर घुमल्यासारखा आवाज आला आणि ती तशीच बाहेर आली. तिसरा चालू झाला, पण कंट्रोलरची, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत रिमोटची, डावी काडी आपोआप एका बाजूला जायची, त्यामुळे माझा माणूस सारखा जाऊन भिंतीला चिकटायचा. मी अर्धा तास त्या भिंतीशी झगडले. आई मधून ये-जा करत होती. "आवरतेयस की खेळतेयस?" तिने विचारलं. दोन्ही होत नव्हतं, हे तिला काय सांगणार.

एका गेमला मात्र मी स्टिकरच लावलं नव्हतं. तो मी कॅमेऱ्यासमोरही धरला नव्हता.

त्यात दोन माणसं एक हातगाडा घेऊन डोंगर ओलांडत असतात. एकाने पुढून ओढायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं. एकट्याने तो खेळताच येत नाही, दोन रिमोट लागतात. दादा जाण्याआधीच्या महिन्यात आम्ही तो घेतला होता. त्याची बॅग भरत होती, आई लाडू वळत होती आणि आम्ही दोघं गाडा ढकलत होतो. जायच्या दिवशी दुपारी आम्ही एका लाकडी पुलाशी पोचलो आणि खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. त्याने रिमोट खाली ठेवला. "पूल मी आल्यावर," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला घेऊन पुढे जायचं नाही हां. शब्द दे." मी शब्द दिला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, म्हणजे कळायचं वय झालेलं होतं, तरी दिला.

आणि पाळला. ऑफिसमधली एक मैत्रीण एकदा राहायला आली होती, तिला हाच गेम खेळायचा होता. मी तिला सांगितलं सीडी खराब आहे. दादा मधल्या काळात दोनदा आला. पहिल्यांदा बँका, कागदपत्रं आणि गावी जाणं यात दहा दिवस संपले. दुसऱ्यांदा लग्नानंतर वहिनीला घेऊन आला. मी दोन्ही रिमोट चार्ज करून टीव्हीसमोर ठेवले होते. त्याने बघून म्हटलं, "अरे, हे अजून चालतं?" आणि तो वहिनीला अर्नाळ्याच्या समुद्रावर फिरवायला घेऊन गेला. मला वाटलं, प्रवासाने थकला असेल.

खरं सांगायचं तर मला खोक्यात काय बसतं याचं फारसं पडलेलं नव्हतं. दादा परत येणार आहे की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. ते सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून मी क्रिकेट आणि रेसिंगचं विचारत बसले होते. आईला तर शंकाच नव्हती. नव्या फ्लॅटचा नकाशा बिल्डरने दिला, त्यावर तिने पेन्सिलीने खिडकीजवळची खोली खुणावून ठेवली होती. त्याची खोली. मी कुठे झोपणार ते तिने लिहिलेलं नव्हतं.

टेम्पो रविवारी दुपारी येणार होता. त्या दिवशी सकाळी मी पुन्हा फोन लावला आणि काही न बोलता तो हातगाड्याचा गेम कॅमेऱ्यासमोर धरला.

दादाने डोळे बारीक करून पाहिलं. "हां, हा. हा देऊन टाक."

आठवड्याभरात त्याच्या तोंडून पहिल्यांदा हा शब्द आला होता. "देऊ?" मी विचारलं.

"हो, हा झाला ना खेळून. लॉकडाउनमध्ये संपवला आम्ही दोघांनी. इथे विकत घेतला होता."

म्हणजे वहिनीला घेऊन तो आमच्याकडे आला त्याच्या आधीच. मी रिमोट चार्ज करत होते तेव्हा त्याचा पूल कधीच ओलांडून झाला होता. मला भयंकर राग आला. त्यात रागावण्यासारखंही काही नव्हतं, हा आणखी वैताग. नवरा-बायको घरात अडकले होते, गेम खेळले. एवढंच तर झालं होतं. पण माझं थांबणं संपलंय हे मला कळवावंसं कुणालाच वाटलं नव्हतं.

"पुलाच्या पलीकडे काय होतं?" मी विचारलं.

"पूल?" तो आठवत राहिला. मग मान वळवून आत विचारलं, "अगं, त्या गाड्याच्या गेमचा शेवट काय होता?" आतून वहिनी म्हणाली, "बंदर होतं ना? की ते दुसऱ्यात?" दादा पुन्हा माझ्याकडे वळला. "नाही आठवत. बरा होता. का, तुझा नव्हता का झाला?"

"तो एकट्याने खेळता येत नाही, दादा."

तेव्हा त्याला आठवलं. त्याचा चेहराच सांगत होता. "अरे यार," तो हळू आवाजात म्हणाला. "सॉरी. ठेव मग. मी आल्यावर आपण..."

"दादा, तू परत येणार नाहीयेस ना?"

तो उठला, फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, दार लावलं. मला थोडा वेळ फक्त त्यांच्याकडचं छत दिसत होतं. मग तो म्हणाला, "आम्ही इथे घर घेतलंय. गेल्या महिन्यात." मी हातातला गेम खाली ठेवला. "आईला एवढ्यात नको सांगू. शिफ्टिंग होऊ दे. मी सांगेन तिला नीट."

नीट म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. सात वर्षं त्याचं सामान मी सांभाळलं होतं, आता त्याची ही गोष्टही मीच सांभाळायची होती. फोन ठेवल्यावर मला वाटलं, चारही खोकी उचलावीत आणि गच्चीवरून खाली टाकावीत. सगळ्यांना लाल स्टिकर. माझ्या टेबलावर हा निकाल मिनिटभरही घेत नाही.

पण ते करता येत नव्हतं. त्याचा एक गेम जरी बाहेर काढला असता तरी आईने विचारलं असतं, त्याने दे म्हटलं का? आणि हो म्हटलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, का म्हणाला? आईला खोटं सांगताना माझी जीभ अडखळते, ते तिला लगेच कळतं. तेव्हा मी नखाने लाल स्टिकरं खरवडून काढायला बसले. न चालणारा क्रिकेट आत गेला. बुरशीचा रेसिंग आत गेला. प्लास्टिकमधला न उघडलेला गेला. हातगाड्याचाही मी त्यातच ठेवला. त्याचं सगळं भरेपर्यंत खोकं काठोकाठ झालं आणि माझे बावीस गेम बाहेर राहिले. ते मी सोमवारी ऑफिसात वाटायला पिशवीत भरले. त्यातले सहा-सात मला खरोखर खेळायचे होते.

आई पोळ्यांचा डबा बांधून बाहेर आली. खोक्यात डोकावली. "सगळं त्याचंच भरलंस? तुझे कुठायत?"

"माझे देऊन टाकतेय. मी कुठे खेळते आता."

"बोलणं झालं त्याच्याशी?"

"झालं. सगळं ठेव म्हणाला."

आईचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिला माझं काही मनापासून पटलं होतं. तिने माझ्या हातातला मार्कर घेतला, वाकून खोक्यावर ठळक अक्षरांत दादाचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "हे वरच ठेव हं. त्याची खोली लावायला घेतली की हेच आधी लागेल."

"हो," मी म्हटलं, आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.