जरबेऱ्याची शेड

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर उद्धवरावांची रोपवाटिका होती. तिथे मी गुलाबाची कलमं बांधायचो आणि भिमाबाई मागच्या शेडमध्ये बाटलीतली रोपं सांभाळायची. साल ब्याऐंशी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून जरबेरा या फुलझाडाची बोटाएवढी रोपं काचेच्या बाटल्यांतून यायची. त्यांनी ना वारा पाहिलेला, ना ऊन. असले लाड मला पटत नसत, पण मला विचारतो कोण?

भिमाबाईचा नवरा पिंपरीच्या कारखान्यात होता, तो वारला. मुलगा भीमराज नोकरीसाठी नाशिकला गेला आणि तिथलाच झाला. काळेवाडीच्या खोलीत ती एकटी. रविवार तिला खायला उठायचा. सुट्टीच्या दिवशीही शेडच्या दाराशी येऊन बसलेली मी तिला पाहिली आहे.

बाटलीच्या तळाला साखर घातलेली जेली असे, तिच्यावर रोप पोसायचं. बाहेर काढलं की मुळं धुऊन जेली पार काढायची, असं उद्धवरावांनी बजावलं होतं. बाईने पानं धुतली, मुळांची जेली तशीच ठेवली. मी हटकलं तर म्हणाली, "लेकराच्या तोंडचा घास कसा काढू, भाऊ?"

त्या साखरेवर बुरशी धरली आणि सगळी रोपं आडवी झाली. उद्धवराव ओरडले नाहीत. पुढची खेपही गेली तर शेड बंद, एवढंच म्हणाले. शेड बंद म्हणजे दिवसभर ती खोली.

पुढच्या खेपेला तिने मन घट्ट करून मुळं कोमट पाण्यात स्वच्छ धुतली. ट्रेमध्ये वाळू आणि कुजलेला पाला भरून रोपं लावली, वर प्लॅस्टिक ताणलं. आतली हवा ओलसर राहावी म्हणून फवारे मारले, उन्हाला गोणपाट बांधलं. मग रोज प्लॅस्टिक थोडं जास्त वेळ उघडं ठेवायची, वारा अंगाला लागू द्यायची. उघडताना रोपांशी काहीबाही बोलायची. पानं जाड झाली, नवी फुटली. मेलेली रोपं इतकी थोडी, की शोधावी लागत होती.

एक दिवस टेम्पो आला आणि सगळी रोपं घेऊन गेला. उद्धवराव खुशीत होते. पुढच्या बाटल्या दिवाळीनंतर येणार, तोवर भिमाबाईला भरपगारी सुट्टी, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाईचं नशीब फळफळलं, असं मंडळी म्हणाली. ती रिकाम्या ट्रेंकडे बघत उभी होती.

"सुट्टी नगं, साहेब," ती म्हणाली. "गवत काढायला तरी येऊ द्या."