गोजराबाईंच्या दोऱ्या

मारुंजीत आता दर दोन इमारतींमागे एक बुटीक आहे. काचेत डोकं नसलेल्या बाहुल्या, त्यांच्या अंगावर झगमगाट. पण या गावात बाईचं माप बाईनं घ्यावं, हे पहिल्यांदा सुचलं गोजराबाईंना, आणि त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली. त्याआधी चोळी शिवायची तर पौडच्या बाजारात टेलरपुढे उभं राहायचं. बाया लाजून अंग चोरायच्या, माप कमी भरायचं, आणि भातलावणीला वाकलं की चोळी काखेत टरकलीच म्हणून समजा.

गोजराबाईंनी काखेत चौकोनी तुकडा घातला, पुढची गाठ काढून हुक लावले आणि आतून चोरखिसा दिला. नवरा कोंडिबा यानं मशीन आणून दिलं खरं, पण वर्षभर तो चारचौघांत तोंड चुकवत होता. पुढे नांद्यापासून कासारसाईपर्यंत बाया ‘गोजराची चोळी’ मागायला लागल्या, तेव्हा हाच गडी मिशीला पीळ देऊन सांगायचा, “आमच्या घरचं काम हाय.” पुरुषाची जात, दुसरं काय!

गोजराबाईंना लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक बाईच्या नावाची एक सुती दोरी. टोकापासून पहिली गाठ बाहीची, मग दंडाच्या मुळाशी भरणाऱ्या घेराची, मग कमरेची, शेवटची छातीची. दोरी कुणाची ते कळावं म्हणून टोकाला त्या बाईच्या पहिल्या चोळीची चिंधी. अशा दोनशेच्या वर दोऱ्या भिंतीवरच्या खुंट्यांना लटकत होत्या. एकदा दोरी झाली की बाई पुन्हा मापाला येत नसे, घरून नुसता खण यायचा. “माप हाय की गोजराकडं.” आणि कुणाचं अंग सुटलं, कुणी वाळलं, तर गोजराबाई वाटेत एक नजर टाकायच्या आणि घरी येऊन गाठ सरकवायच्या. उभ्या जन्मात त्यांची एक चोळी परत आली नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं उजवं अंग आणि वाचा एकाच सकाळी गेली. कळत मात्र सगळं होतं. दुकान सून रेश्मा चालवत होती. पोरगी गुणाची, हातही चांगला. खाटेवर पडल्या पडल्या गोजराबाईंना एकच घोर होता, दोऱ्या तिच्या हाती नीट जाव्यात.

शेजारच्या सोसायटीतली किमया ब्लाऊज शिवायला टाकायला आली, ती दोऱ्यांपुढे थबकलीच. लातूरकडची मुलगी, हिंजवडीत नोकरीला. म्हणाली, “वहिनी, या फ्रेम करून लावा. मोठ्या डिझायनरचं फॅशन हाऊस असतं ना, तसंच आहे हे. काकूंचा ब्रँड आहे.”

रेश्माला ते इतकं पटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातच गोजराबाईंच्या जुन्या मैत्रिणीच्या, नांद्याच्या हौसाबाईंच्या नातवाचं लग्न निघालं आणि रिवाजाप्रमाणे सात जणींचे खण मापाविना आले. रेश्मानं ठरवलं, आधी सगळ्या दोऱ्या टेपनं मोजून वहीत उतरवायच्या, मग फ्रेम. पण दोऱ्या मशीनच्या तेलानं काळ्या पडलेल्या. अशा कशा काचेत लावणार?

तिनं पाणी कढवलं, टबात साबणाची पूड टाकली.

कोरं कापड भिजवल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून मगच कापायचं, हे रेश्माला सासूनंच शिकवलं होतं. पण दोरीकडे ती कापड म्हणून बघतच नव्हती. दोरी म्हणजे तिच्या लेखी देव्हाऱ्यातली वस्तू, आणि देव घासूनपुसूनच ठेवायचे असतात. गोजराबाईंनी डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला. घशातून नुसता घरघर आवाज निघाला.

“व्हय आत्या, तुमच्याच हायेत. धुऊन लखलखीत करती बगा,” म्हणत रेश्मानं दोऱ्यांचा भारा कढत पाण्यात सोडला.

दुपारी त्या अंगणातल्या तारेवर वाळत होत्या. पांढऱ्याशुभ्र, आखडलेल्या. गोजराबाईंना एवढ्या लांबूनही दिसलं, हौसाची दोरी दोन बोटं तरी आटली होती. रेश्मा एकेक दोरी टेपला लावून आकडे वहीत मांडत होती, मन लावून, एकही न चुकवता.

सातही चोळ्या परत आल्या. हौसाबाई स्वतः घेऊन आल्या. त्यांनी घालून दाखवली, हुक हुकाला भेटेना, काखेतला तुकडा रुतत होता. “मीच सुटली आसन,” हौसाबाई म्हणाल्या. मैत्रिणीकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

“सात जणी एकदम कशा सुटतील, मावशी?” रेश्मा हळूच म्हणाली.

हौसाबाई गेल्यावर ती खाटेशी येऊन बसली. सासूचा लुळा हात तिनं मांडीवर घेतला.

“आत्या, शेवटी शेवटी तुमची नजर गेली आसंल. सगळ्याच गाठी कमी भरत्यात. आता मी समद्या मापांत दोन बोटं वाढवून शिवती. पर तुमचं चुकलं, हे मी कुणाला सांगायची न्हाई. हौसामावशीला बी न्हाई. तुमचं नाव हाय ते तसंच राहील.”

गोजराबाईंचा जीव कासावीस झाला. त्यांनी डावा हात उचलला, सगळा जोर एका बोटात आणला आणि अंगणातल्या टबाकडे दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

रेश्मा लगबगीनं उठली. टबात ऊन पाणी घेऊन आली आणि खाटेशी बसून सासूचे पाय धुऊ लागली.