पाच जोड्यांचा टाकळा

सासूबाईंनी भाजीचा तिसरा घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं, मी त्यांना विष खायला घातलंय.

सकाळपासून मी रंगात होतो. गौरी-गणपती उरकले होते, रविवार होता आणि आपल्याकडच्या रानफुलांचं एक पुस्तक मी नुकतंच घेतलं होतं. त्यात फुलं रंगांप्रमाणे लावलेली: पांढरी, पिवळी, जांभळी. पुनावळ्यात आमच्या सोसायटीमागे पत्रे ठोकून ठेवलेला एक रिकामा प्लॉट आहे. तिथे पिवळी फुलं डोलत होती. पुस्तक उघडलं, फोटो जुळवला. टाकळा! पिशवीभर कोवळे शेंडे खुडले आणि गड जिंकल्याच्या थाटात ते सासूबाईंच्या हाती दिले. गेल्याच वर्षी त्या काविळीतून उठलेल्या. रानभाजी म्हणताच चेहरा खुलला. एक डहाळी मात्र मी पाण्याच्या ग्लासात खोचून टेबलावर मधोमध ठेवली. नाटकाला नेपथ्य नको?

दुपारी जेवायला बसलो. पहिल्या घासाला मी डोळे मिटले. "आहाहा! रानाची चव ती रानाची!"

"मला तर मेथीच वाटतेय," बायको म्हणाली.

"तुझी जीभ मंडईच्या पुढे कधी गेलीच नाही."

मग मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागलो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोल. डहाळीवर बोट ठेवून मोजलं. तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. पाचच, आणि टोकं अणकुचीदार. समोरच्या पानावर दुसरं पिवळं फूल होतं, कासविंदा. बिया विषारी, यकृताला अपाय.

काहीतरी पुटपुटत मी गॅलरीत गेलो आणि कंपनीत माझ्याच शिफ्टमधल्या, निघोज्याच्या शेतकरी घरातल्या मित्राला डहाळीचा फोटो पाठवून फोन लावला.

"कासविंदा हाय राव ह्यो! आन् फुलावर आलेला टाकळा कोण खातं? आमी फूल यायच्या आत खुडतो."

"पण फुलाशिवाय पुस्तकात शोधायचा कसा?"

"म्हंजी फूल बघून भाजी आणली व्हय? खाल्ली कुणी?"

"सगळ्यांनी. सासूबाईंनीसुद्धा. कावीळ होऊन गेलीय त्यांना."

तो म्हणाला, "दवाखान्यात न्या. डहाळी संगं घ्या."

आत आलो तर सासूबाई दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होत्या. मी ताटच हिसकावलं. "आई, थुंका! गाडी काढतो. ती भाजी विषारी आहे!"

बायकोच्या हातातली पोळी तशीच राहिली. ती आईकडे बघू लागली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"जावईबापू, ताट द्या इकडं."

"आई, ऐका माझं..."

"मेथी आहे ती. फ्रिजमधली."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तुमच्या पिशवीला कुबट वास मारत होता. तशीच गाठ मारून कचऱ्यात टाकली. जावयाने एवढ्या हौसेनं आणलेलं, तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"आणि ती रानाची चव?" बायकोने विचारलं.

"इतके डोळे मिटून खात होते, म्हटलं खाऊ देत."

तेवढ्यात फोन वाजला. "निघाला का दवाखान्यात?" मित्राला धाप लागली होती.

"नाही. भाजी मेथीची निघाली."



"मंग राव, मेथीला एवढं भ्याला व्हय?"